संयमाचं दान

आमच्या नूर्डेन गावात तक्रार करायची पद्धत नाही. यंत्रात सापडून कुणाची दोन बोटं गेली, तरी विचारलं की तो म्हणणार, "बरं चाललंय, आठ आहेत अजून." ऐन जानेवारीत घरातला हीटर बंद पडला तर आम्ही स्वेटरवर स्वेटर चढवतो आणि शेजाऱ्याला सांगतो, गार हवा तब्येतीला चांगली. खापरपणजोबांनी हॉलंडहून मिशिगनला येताना बोटीतून काय काय आणलं ते देव जाणे, ही खोड मात्र न विसरता आणली. गेरिट बोअर्समाचा घात या खोडीनेच केला. म्हणजे घात करणारी माणसं वेगळी होती, पण त्यांच्या हातात सुरी दिली ती या खोडीने.

गेरिट अडतीस वर्षांचा, फर्निचरच्या कारखान्यात ऑफिसच्या खुर्च्यांवर कापड चढवणारा, हाताचा कसबी आणि तोंडाचा गरीब. रुबेन वीन्स्ट्रा त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. रविवारी तो आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि आठवडाभर चर्चच्याच शाळेत पोरांना गाणं शिकवायचा. ऑर्गनच्या बाकाची गादी फाटली होती, ती शिवायला गेरिट गेला आणि पुढचे सहा महिने या ना त्या निमित्ताने जातच राहिला. एका गादीचं एवढं काय काम निघतं, असं कुणीतरी विचारायला हवं होतं. पण आमच्याकडे विचारायचीही पद्धत नाही.

शेवटी गेरिट आपण होऊनच हार्वी डेकरकडे गेला. हार्वीकाका म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांतले सगळ्यांत ज्येष्ठ, आणि गेरिटच्या वारलेल्या वडिलांचे जिवलग मित्र. गेरिटला धर्मशिक्षण त्यांनीच दिलं आणि ट्रॅक्टर चालवायलाही त्यांनीच शिकवलं. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून, कॉफीच्या कपात बघत, गेरिटने सगळं सांगून टाकलं. मी गे आहे. रुबेनवर माझं प्रेम आहे. लपूनछपून मला काही करायचं नाही. मला लग्न करायचंय. कायद्याने आता ते होतं, पण मला कोर्टात नाही करायचं. आपल्या चर्चमध्ये करायचंय, माझा बाप्तिस्मा झाला तिथे, आपल्या माणसांसमोर.

हार्वीकाकांनी स्वतःच्या कपात आणखी कॉफी ओतली. मग म्हणाले, "आणि तोवर?"

"तोवर काय?"

"तोवर तुम्ही दोघं... म्हणजे... एकत्र?"

गेरिटचे कान लाल झाले. "नाही हो! लग्नाआधी नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? मुलीच्या बाबतीत एक आणि मुलाच्या बाबतीत दुसरं, असं थोडंच असतं?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगा, खरंच आलं. "ऐक पोरा," ते म्हणाले. "पंचांमध्ये दोन-चार डोकी अशी आहेत, तुमचं नाव काढताच दार लावतील. त्यांना बोलायला जागा देऊ नका. आपल्या कुठल्याही पोरापोरींनी थांबावं तसं थांबा. वेगळ्या घरांत राहा, स्वतःला जपा, पाळकसाहेबांकडे लग्नाआधीचे धडे पुरे करा. मग मी स्वतः उभा राहीन पंचांसमोर. हा माझा शब्द." आणि त्यांनी हात पुढे केला. नूर्डेनमध्ये हातात हात दिला की स्टॅम्पपेपर लागत नाही. गेरिट घरी गेला तो तरंगतच.

त्याला सव्वातीन वर्षं झाली. सांगायला काय, एका वाक्यात होतं.

चार गल्ल्यांच्या अंतरावर दोन घरं. रुबेन जेवायला आला की पुढच्या खोलीचे पडदे सताड उघडे, येणाऱ्याजाणाऱ्या कुणीही आत बघावं. साडेनऊला रुबेनची गाडी निघालेली असायची. समोरच्या मिसेस हाउटमन तिच्यावर घड्याळ लावत असतील तर नवल नाही. उन्हाळ्यात सरोवराकाठी दोन दिवस गेले, तर हॉटेलात दोन खोल्या आणि त्याही वेगवेगळ्या मजल्यांवर. चुंबन घ्यायचे, नाही असं नाही. दारात उभं राहून, कोट-टोप्यांसकट, दोन सेकंद.

आणि गेरिट माणूस होता हो, लाकडाचा नव्हता. गरम होतंय म्हणून रुबेनने डोक्यावरून स्वेटर काढला, की गेरिट उठून भांडी घासायला लागायचा, घासलेलीच परत. रुबेन गेल्यावर त्याच्या सोफ्यावरच्या जागेवर हात ठेवून बसायचा, ऊब जाईपर्यंत. मग म्हणायचा, प्रभू, आजचा दिवस निभावला, आता उद्याचं तू बघ. असे अकराशेच्या वर दिवस. तोंडातून कधी ब्र काढला नाही.

कारखान्यात शेजारच्या शिलाई मशीनवर लुपे बसायची. तिला सगळं ठाऊक होतं, कारण तिने तोंडावर विचारलं होतं. ती नूर्डेनमधली नव्हे, टेक्सासहून आलेली.

"तीन वर्षं?" ती मशीन थांबवून ओरडली. "अरे बाबा, तुमच्यात काय नुसतं मेन्यूकार्ड वाचून पोट भरतं का?"

"लग्नात जेवू की."

"तोवर दात पडतील तुझे! माझ्या आईला नन्सनी वाढवलं, तीसुद्धा एवढी थांबली नव्हती. हा बघ पुरावा, तुझ्याशेजारी बसलाय."

गेरिट हसला. त्याला राग आला नाही, उलट बरंच वाटलं. आपण काहीतरी जपतोय, काहीतरी मोठं, असं त्याला वाटायचं. लग्नाच्या दिवशी आपल्याकडे रुबेनला द्यायला असं काही असेल जे दुसऱ्या कुणाला कधी दिलं नाही. 

लग्न तेरा जूनला ठरत होतं. पंचांची परवानगी तेवढी बाकी होती. गेरिटच्या आईने, जिने या विषयावर आजवर एक अक्षर काढलं नव्हतं, मुकाट्याने एक गोधडी शिवायला घेतली होती. चांगली दुहेरी पलंगाची. आमच्याकडे आशीर्वाद असा देतात.

जानेवारीत पंच घरी आले. वर्षातून एकदा पंच जोडीने घरोघरी फिरतात, तुमच्या आत्म्याचं कसं काय चाललंय ते विचारायला. येतात, कोट काढायला का कू करतात, कॉफी दोनदा घेतात, बदामाच्या पेस्ट्रीला नको नको म्हणत तीन तुकडे खातात आणि मग घसा खाकरतात. गेरिटकडे हार्वीकाका आले आणि त्यांच्याबरोबर स्टॅन काउपर, मांडीवर वही घेऊन.

घसा स्टॅनने खाकरला. "ते तुमचं... थांबायचं ठरलं होतं. पाळताय ना?"

"पाळतोय."

"एकदाही...?"

"एकदाही नाही."

स्टॅनने लिहून घेतलं. "मग? जड जातं का?"

गेरिटच्या अगदी ओठांवर आलं होतं. जड? अहो, कधी कधी वाटतं छाती फुटेल. कधी कधी तो शेजारी बसून मीठ मागतो आणि मला मिठाची बाटली उचलता येत नाही. पण समोर हार्वीकाका बसले होते, वडिलांच्या जागी असलेले, आणि त्याच्याकडे असे बघत होते की जणू पोराने शर्यत जिंकलीय. वर स्वतःच्या आत्म्याचीही तक्रार पंचांपुढे करायची आमची रीत नाही.

"नाही हो," गेरिट म्हणाला. "बरं चाललंय. प्रभू बळ देतो. तक्रार नाही."

स्टॅनने तेही लिहून घेतलं. निघताना हार्वीकाकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

मग तीन महिने काही नाही. एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी हार्वीकाका एकटेच आले. कोटाच्या खिशातून त्यांनी लखोटा काढला, टेबलावर ठेवला, आणि कॉफी नको म्हणाले. हार्वीकाका कॉफी नको म्हणाले तेव्हाच गेरिटने ओळखलं, बातमी चांगली नाही.

पत्र चर्चच्या छापील कागदावर होतं. बंधू गेरिट आणि बंधू रुबेन यांनी तीन वर्षांहून अधिक काळ राखलेल्या पवित्रतेबद्दल मंडळी देवाचे आभार मानते. प्रभूने या दोघांना संयमाचे दान दिले आहे, हे पंचांना दिसून आले आहे. असे दान ज्यांना लाभते त्यांना विवाहाची गरज उरत नाही. सबब, विवाहाच्या विनंतीवर विचार करण्याचे प्रयोजन राहिलेले नाही. दोन्ही बंधूंनी ख्रिस्ती मैत्रीत असेच राहून आपल्या तरुणांपुढे आदर्श ठेवावा.

गेरिट 'सबब'पाशी अडकला. परत वाचलं. परत तिथेच अडकला.

"म्हणजे?"

"म्हणजे मोठा मान आहे हा, पोरा," हार्वीकाका म्हणाले. आवाज फार मोठा होता, बहिऱ्याशी बोलावं तसा. "पाळकसाहेब म्हणत होते, उन्हाळी शिबिरात तुम्हा दोघांना बोलायला बोलवू. मुलांना कळू दे, संयम काय असतो."

"हार्वीकाका, आम्ही लग्नासाठी थांबलो होतो."

"ठाऊक आहे मला."

"तुम्ही म्हणालात, थांबा म्हणजे लग्न लावू. आता म्हणताय, थांबलात म्हणून लावत नाही?"

"अरे, लग्न कुणासाठी असतं? ज्याला राहवत नाही त्याच्यासाठी. तुम्हाला तर राहवतंय. तूच म्हणालास, स्टॅनच्या वहीत आहे. जड जात नाही, तक्रार नाही."

"आणि आमचा पाय घसरला असता तर?"

"तर कुठल्या तोंडाने लावलं असतं लग्न?"

"म्हणजे घसरलो तर लायकी नाही, आणि नाही घसरलो तर गरज नाही."

हार्वीकाकांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. 

"तुम्ही उभे राहणार होतात," गेरिट म्हणाला. "शब्द दिला होतात."

"राहिलो की! तुमचं कौतुक करायला मीच उभा राहिलो. हे दान आहे, हे पहिल्यांदा मीच म्हणालो. नाहीतर ती दोन-चार डोकी तुम्हाला मंडळीतून काढायला निघाली होती. मी मधला मार्ग काढला, गेरिट. तुम्हाला वाचवलं मी."

गेरिटची तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं बापाच्या शेजारच्या बाकावर बसलेला माणूस! ज्याला आपण सगळ्यांत आधी सांगितलं तो माणूस! "केसाने गळा कापलात माझा," तो म्हणाला. असं वाक्य तो आयुष्यात कुणालाही बोलला नव्हता. "पोरा, पोरा म्हणत राहिलात, आणि तोंडाला पानं पुसलीत."

हार्वीकाकांचा चेहरा पडला. त्यांना खरंच लागलं, आणि म्हणूनच बहुधा ते पुढचं बोलून गेले. "एवढं काय त्यात? रुबेनची तर काही हरकत नव्हती."

"कुणाची?"

"रुबेनची. मागे बघ ना. त्याची सही आहे."

गेरिटने कागद उलटला. मी या निर्णयाशी सहमत आहे, आणि माझ्या माहितीनुसार गेरिटही असेल. खाली रुबेनची सही, व्हीचा शेपटा लांब ओढलेला, आणि तारीख. अकरा फेब्रुवारी.

चर्च पाच मिनिटांवर होतं. गेरिटने गाडी कशी चालवली ते त्याला नंतर आठवलं नाही. शनिवारी दुपारी रुबेन दुसऱ्या दिवशीची गाणी बसवत असे. खालच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात चार-पाच बायका सोमवारच्या अंत्यविधीच्या जेवणासाठी पाव कापत होत्या, त्यांच्या गप्पा जिन्यावरून वर येत होत्या.

"फेब्रुवारी," गेरिट म्हणाला.

रुबेनने पट्ट्यांवरून हात उचलले. वळायला त्याला जरा वेळ लागला. "हार्वी येऊन गेले का?"

"मार्चमध्ये तू माझ्या आईकडे बसून गोधडीच्या काठाचा रंग निवडलास. निळा नको, हिरवा लावा म्हणालास. तुला सही करून महिना झाला होता!"

"तुला कसं सांगावं तेच कळेना रे."

"तोंडाने! तोंडाने सांगतात, रुबेन. काय दिलं त्यांनी तुला?"

"दिलं काही नाही. काढून घेतलं नाही, एवढंच." रुबेन मांडीवरच्या हातांकडे बघत होता. "लग्नाचा हट्ट धरलास तर सोमवारपासून शाळा बंद, हे वाजवणंही बंद, असं पंच म्हणाले. तुला खुर्च्या कुठेही मिळतील. मला कुठे मिळणार हे?"

"मला सांगायचंस. गेलो असतो दुसरीकडे. ग्रँड रॅपिड्सला आपल्यासारख्यांची लग्नं लावणारी चर्च आहेत, तूच दाखवलं होतंस मला."

"तू आला असतास? हे चर्च सोडून? तुझा बाप्तिस्मा, तुझे वडील..."

"तुझ्यासाठी? चालत आलो असतो!"

रुबेनने समोरचं गाण्याचं पान सरळ केलं. मग हळूच म्हणाला, "मला वाटलं, तुला चालेल. हार्वींनी मला स्टॅनची वही दाखवली. गेरिट म्हणतो, जड जात नाही, तक्रार नाही."

"अरे, मी तक्रार केलीय कधी आयुष्यात? बाबांना पुरून आलो त्या दिवशी लोकांनी विचारलं तेव्हाही मी बरं चाललंय म्हणालो! तू शेजारी उभा होतास! हार्वीकाकांना नाही कळलं, जाऊ दे. स्टॅनला नाही कळलं, तो तर ठोकळाच आहे. पण तू? तुला एकदा विचारता नाही आलं मला?"

खालच्या गप्पा थांबल्या होत्या. गेरिटला ते कळलं, तरी त्याने आवाज खाली आणला नाही.

"जड गेलं," तो म्हणाला. "ऐक नीट. रोज जड गेलं. तू जाताना दार लावायचास ना, ते मला अंगावर लागायचं. त्या हॉटेलात तू वरच्या मजल्यावर होतास, आणि मी खाली छताकडे बघत पडलो होतो दोन्ही रात्री. तुझ्या मानेला इथे मागे एक तीळ आहे. तीन वर्षं मी त्या तिळाला हात लावायचा म्हणून जगलोय. लाज वाटते बोलायला, पण बोलतो. मला तू हवा होतास. सगळा. आणि ते बरोबर व्हावं, देवासमोर व्हावं, म्हणून मी स्वतःला रोज दाबून धरलं. आणि तुम्ही त्याचा कागद केलात."

रुबेन रडत होता. गेरिटला वाटलं, जाऊन त्याचं डोकं छातीशी धरावं. सवयीने तो जागच्या जागी उभा राहिला.

"आणि तुला?" त्याने विचारलं. "तुला कसं गेलं?"

"पहिलं वर्ष जड गेलं," रुबेन म्हणाला.

"आणि मग?"

"मग सवय झाली. मग... बरंच वाटायला लागलं. आपण जेवायचो, हसायचो, आणि साडेनऊला मी माझ्या घरी. जून जवळ यायला लागला तसं मला धडधडायला लागलं. वाटायचं, हे असंच राहिलं तर काय बिघडलं? त्यांनी कागद पुढे केला तेव्हा, गेरिट, खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं."

गेरिट पहिल्या बाकावर बसला. 

"म्हणजे तू थांबला नव्हतासच," तो म्हणाला. आवाजात आता राग उरला नव्हता, आणि रुबेनला त्याचीच जास्त भीती वाटली. "ज्याला पुढचं काही हवं असतं तो थांबतो. मी एकटाच थांबलो होतो. तू नुसता माझ्या शेजारी बसला होतास."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"असेलही."

"उद्या येशील ना उपासनेला? नेहमीच्या जागी बस. नाहीतर लोक विचारत बसतील."

गेरिटने त्याच्याकडे नीट पाहिलं. तीन वर्षं ज्या चेहऱ्यासाठी दिवस मोजले तो चेहरा, रडून लाल झालेला, आणि त्याला आत्ता काळजी कशाची, तर लोकांची. तो उठला आणि मधल्या वाटेने बाहेर गेला. जिन्याच्या तोंडाशी एक बाई हातात सुरी आणि अर्धा पाव घेऊन उभी होती. तिने बाजूला होऊन वाट दिली.

गाडीत बसला, पण किल्ली त्याने लावली नाही. खिडकी उघडी होती. चर्चचं बाजूचं दार समोरच होतं. रुबेन मागून येईल, असं त्याला वाटत नव्हतं, पण तो दाराकडेच बघत होता. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

मग आतून ऑर्गन सुरू झाला. मघाचंच गाणं, जिथे थांबलं होतं तिथून. या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात उजव्या हाताला एक अवघड वळण आहे. रुबेनचं मन थाऱ्यावर नसलं की त्याची बोटं तिथे हमखास घसरतात. गेरिटला ते वळण पाठ होतं. त्याने श्वास रोखून धरला. चूक ना, तो मनात म्हणाला. एकदा तरी चूक.

वळण आलं आणि गेलं. गाणं शेवटपर्यंत गेलं. एकही सूर चुकला नाही. मग गेरिटने गाडी सुरू केली.